कडीला बांधलेलं कापड

एका सकाळी आमच्या गल्लीतली आक्का माझ्या दारात आली ती कफनाचं कापड घेऊन. पहाटे कुणीतरी तिच्या दाराच्या कडीला बांधून गेलं होतं, आत कुंकू माखलेलं लिंबू. तिनं ते सरळ माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं.

"मांजरपाट झ्याक हाय बघ. पिशवी शिवून दे."

"अगं बाई! असलं घरात आणतात होय?"

"मग टाकून देऊ? लिंबू धुऊन मघाशीच पोह्यावर पिळलं."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गारगोटीजवळच्या आमच्या गावातलं दारूचं दुकान हटवायला आक्कानं बायका गोळा केल्या होत्या. तिचा नवरा दारूनं गेला, माझा त्याच वाटेवर होता. शेवटी बायकांचं मतदान ठरलं: बाटली उभी की आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. "घरात बसली ती उभ्या बाटलीचीच," असं सांगत आक्का दारोदार फिरायची. नावांची यादी मी शिवून दिलेल्या त्याच पिशवीत.

दुकानवाल्याची माणसं मोटारसायकलवरून गल्लीत हिंडायची. दारापुढं थांबून नुसती गाडी गुरगुरवायची. एक जण खिडकीशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "वैनी, पोरगी शाळेतनं एकटीच येती न्हवं?" संपलं. मतदानाला जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

मतदानादिवशी कडी लावून, पोरीला कुशीत घेऊन बसले. आक्कानं दार वाजवलं.

"सुमे, उघड."

"मी भित्री आहे आक्का. मला सोड."

तिनं दार पुन्हा वाजवलं. मग म्हणाली, "पोरीला बी घे संगं. पर उघड."

उघडलं. तिनं माझा हात धरला आणि मी चरकले. तिचा हात गार पडला होता, घामानं ओला होता आणि लटलट कापत होता. ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते!

"बघतीस काय? भ्या मला बी हाय की. एकटीला जाववंना, म्हणून तर आलोय."

शाळेच्या फाटकासमोर ती माणसं प्रत्येकीचं तोंड न्याहाळत बसली होती. एकानं माझं नाव घेतलं. शिक्का मारायला आत जाईपर्यंत आक्कानं हात सोडला नाही. संध्याकाळी बाटली आडवी झाल्याचं कळलं.

भीती मात्र गेली नाही, खोटं कशाला सांगू? पुढं कित्येक महिने पोरीला शाळेतून आणायला मीच जायची. आक्का सोबतीला यायची, आणि वाटेत मोटारसायकल दिसली की तीही माझा दंड घट्ट धरायची.

काही वर्षांनी ती तापानं गेली, आपल्याच अंथरुणावर. पांढरं कापड आलं. कात्री माझ्याकडं, म्हणून मीच फाडलं. हातभर तुकडा उरला. शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली, "घरात ठिवू नगं. नदीत सोड."

मी मान डोलावली. घरी आले. हात कापत होते, तशीच मशीनवर बसले आणि पिशवी शिवली.

बाजाराला अजून तीच नेते.