उशीवर पडलेला तारा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी वजनकाट्यावर बसते. दिवसभर सळया आणि पत्रे बघून माझं डोकंपण लोखंडाचं झालंय, असं नवरा म्हणतो. म्हणू दे. पण त्या आठवड्यात मी जी घाबरले, ती भीती अजून अंगातून गेलेली नाही.

आमचं गाव उरणच्या वाटेवर. मागे टेकडी, टेकडीत दगडाची खाण, आणि त्याच खाणीत नवऱ्याचा डंपर चालतो. त्या संध्याकाळी मी घराजवळ रिक्षातून उतरले. दिवस नुकताच मावळला होता, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते, आणि एकदम माझी सावली समोर रस्त्यावर पडली. वर बघते तर हिरवट पांढरा जाळाचा गोळा, मागे ठिणग्यांचं शेपूट! आवाज नाही, काही नाही. बघता बघता आमच्या टेकडीमागे उतरला. "अगं बाई!" एवढंच तोंडातून निघालं. आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थिजले. मग कुणी मोबाईल काढले, कुणी हात जोडले. दोन-तीन मिनिटं गेली असतील, लोक बोलायला लागले होते, तेवढ्यात लांबून गडगडाट आला. मी चप्पल हातात घेऊन घराकडे धावले.

लेक दारातच उभी होती. आठ वर्षांची. "आई, तारा पडला! आपल्या घराच्या मागे!"

घाबरून ती त्या रात्री माझ्या कुशीत झोपली. सकाळी नेहमीची घाई, तिच्या मागच्या खोलीत कुणी डोकावलंच नाही. संध्याकाळी कामावरून आले तर दारात ही गर्दी. मागच्या खोलीवर सिमेंटचा पत्रा आहे, त्याला हे एवढं भोक पडलं होतं. शाळेतून आल्यावर लेकीला तिच्या पलंगावर काळा दगड सापडला होता, नारळाएवढा. सासूबाईंनी तोवर त्याला दुधाने अंघोळ घातली होती, हळदकुंकू वाहिलं होतं. "देवानी पोरीचा जीव वाचवला गो! तारा हाय तो, कालचा!" नवऱ्याने स्वतःच्या हाताने तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

माझं लक्ष दगडाकडे नव्हतंच. मी उशी बघत होते. बरोबर मधोमध फाटली होती, कापूस बाहेर आला होता.

शेजारणी धीर देत होत्या. "सुटलीस बाई. एका घरात तारा काय दोनदा पडतो?" लेक मात्र नाचत होती. "दुसरा कधी येईल?" सगळे हसले. मीपण हसले, खोटं कशाला बोलू. दोनदा पडत नाही, या एका गोष्टीवर मला झोप लागली. नवऱ्याने भोकावर प्लास्टिक टाकलं, पण लेकीने रडून ते काढायला लावलं, आणि दोन दिवसांनी ती परत त्याच पलंगावर झोपायला गेली.

काट्यावर दुपारी जरा सवड असते. मोबाईलवर वाचत बसले. त्यात लिहिलं होतं, असला गोळा आपल्याला टेकडीमागे पडल्यासारखा दिसतो, पण असतो पन्नास-शंभर किलोमीटर लांब. त्याचा जाळ खूप उंचावरच विझतो. पुढे काही उरलंच तर तो तुकडा काळोखात, नुसता दगडासारखा खाली येतो. आणि खऱ्या तुकड्यावर जळून झालेला पातळ काळा पापुद्रा असतो, करपलेल्या भाकरीवर असतो तसा.

पापुद्रा. दिवसभर तो शब्द काही डोक्यातून गेला नाही.

घरी आल्यावर सासूबाई देवळात गेल्याचं बघून मी दगड देव्हाऱ्यातून उचलला. पापुद्रा कुठेच नव्हता. पालथा केला. खालच्या बाजूला सरळ, गुळगुळीत पन्हळ होती, उभा चिरलेला पाईप असावा तशी. खाणीवर काम केलेला कुणीही ती ओळखेल, नवऱ्याला डबा द्यायला जाताना मीपण बघितली होती. सुरुंगाची दारू भरायला खडकात ड्रिल मारतात, त्याची खूण. म्हणजे हा त्या गोळ्याचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुरुंगात उडून आला होता. सुरुंग तर रोज असतो! मी दगड घेऊन तिथेच बसले.

नवरा आला तेव्हा मी तशीच बसलेली, दगड मांडीवर. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"तुमाला माहीत होतं?"

"देव्हाऱ्यात ठेवताना मीच ती बाजू खाली केली."

"अहो, पोरीची उशी फाटलीय!"

"मग काय करू? खाणवाल्यांशी भांडू? उद्यापासून डंपर कुठं नेऊ? रोज थोडाच येतो दगड."

"रोज यायला नकोच आहे. एकदा पुरे!"

तो जेवला नाही. मीपण नाही. लेकीला त्या रात्री ओढूनच माझ्याजवळ झोपवलं.

दुसऱ्या दिवशी मी पलंग हलवायला म्हणून रजा टाकली. शाळेलाही सुट्टी होती. दुपारी नवरा जेवायला आला, आणि त्याने पहिला घास घेतला तोच खाणीचा भोंगा झाला. भोंगा झाला की आमच्याकडे सगळे पक्क्या छताखाली येतात. सासूबाई आल्या. लेक आली नाही. मी मागे धावले. ती पलंगावर बसली होती, बरोबर भोकाखाली. तोंड वर, मांडीवर स्टीलचं ताट.

"आई, ओरडू नको ना. दुसरा आला तर ताटात पडेल."

मी उंबऱ्यातच होते. नवरा मला ढकलून आत गेला, उष्ट्या हाताने तिला पोटाशी धरलं आणि तिच्यावर पालथा पडला. धडाम् झालं. भिंती हादरल्या. वर पत्र्यावर खडी टकटकली. एक, दोन, मग पुष्कळ. मग थांबली.

उठला तो सरळ देव्हाऱ्याकडे गेला. सासूबाई "अरे, अरे" करत राहिल्या. त्याने दगड मोरीत नेला, नळाखाली धरून सगळं हळदकुंकू धुऊन काढलं, आणि लेकीचं बोट धरून त्या पन्हळीवरून फिरवलं.

"हा तारा नाय. आपल्या खाणीतला हाय."

तिने दगडाकडे बघितलं. मग दारातून मागच्या खोलीतल्या भोकाकडे.

"म्हणजे परत पडेल?"

तिने पलंगावरची फाटकी उशी उचलली आणि पुढच्या, पक्क्या छताच्या खोलीत जाऊन बसली.