हाताने लिहिलेली आठ पाने

"आधी पुरं ऐकून तर घ्या वकीलसाब, मंग भांडा." हे सांगताना ते बहुधा हात धूत असत. पाथरीच्या मिशन दवाखान्यातले ते कंपाउंडर. औषध करण्यापूर्वी हात धुणे समजण्यासारखे आहे. हे गृहस्थ पुस्तक उघडण्यापूर्वीही हात धूत, पंच्याला पुसत आणि मगच पान उलटत. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याला हसण्याची घाई करू नका. मी केली होती.

मी तेव्हा मुन्सफीत नवा वकील होतो. अंमल निजामाचा, कामकाज उर्दूत, राग मात्र माझा अस्सल मराठीत. वडिलांनी मागे ठेवलेले एक शिळाछापाचे पुस्तक माझ्यापाशी होते. छापखाने नुकतेच आले त्या काळी कोणा शास्त्र्याने ख्रिस्ती मताची कलमवार उलटतपासणी केली होती. तसे पुस्तक पुन्हा कोठे पाहण्यात आले नाही. बाजारच्या दिवशी मिशन दवाखान्याचे प्रमुख पाद्रीसाहेब लिंबाखाली प्रवचन करीत, आणि मी ते पुस्तक उंचावून त्यांना आडवे प्रश्न घालीत असे.

एकदा बाजार उठल्यावर कंपाउंडर माझ्यामागून आले.

"अर्धाच मुद्दा मांडला तुमी. शास्त्रीबुवांचा खरा घाव शेवटच्या प्रकरणात हाय."

"ती आठ पाने वाळवीने खाल्ली. पण तुम्हाला काय ठाऊक?"

"माझ्या आज्याची प्रत हाय की. पेटीत, बायबलाच्या खाली."

"ख्रिस्ती माणसाच्या पेटीत हे पुस्तक?"

"आजा म्हणायचा, ज्यानं हे वाचलं न्हाई त्यानं बाप्तिस्मा घेऊ नये. त्यो वाचून मंग ख्रिस्ती झाला. तुमची प्रत द्या, पानं उतरून देतो. फकत साहेबाच्या कानावर घालू नका. नोकरी जाईल माझी."

मी पंधरा दिवसांच्या मुदतीची रसीद दोन प्रतींत लिहून घेतली, एक त्यांच्यापाशी ठेवली आणि पुस्तक दिले.

मुदत संपली, वर महिना उलटला. दवाखान्यात गेलो की खोकलेकऱ्यांच्या गर्दीतून ते म्हणत, "व्हायलंय, वकीलसाब, व्हायलंय!" माझी खात्री झाली की याने पुस्तक जाळले. मी नोटीस लिहिली. त्या काळच्या दफ्तराची रीत अशी, की नोकराला लिहायचे ते त्याच्या वरिष्ठामार्फत, म्हणजे 'बतवस्सुत', लिहावे. रागाच्या भरात मी त्यांची विनंती विसरलो. रीत मात्र विसरलो नाही. नोटीस पाद्रीसाहेबांच्या हाती पडली.

तिसऱ्या दिवशी कंपाउंडर खांद्यावर वळकटी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आधी रांजणाजवळ हात धुतले, मग पुस्तक काढून दिले.

"साहेबानं पेटी उघडली. दोन्ही प्रती जप्त करायलते. म्या रसीद दाखवली. म्हणलं, ही परक्याची वस्तू, कायद्यानं परत द्यावी लागती. तुमची रसीद कामाला आली बघा."

"आणि आजोबांची प्रत?"

"तिला रसीद कुठं होती?"

नोकरी गेली होती. ते गंगाखेडकडे सासुरवाडीला निघाले होते. मी म्हणालो, आत्ता साहेबांना लिहितो, चूक माझी आहे, तुमचे साहेब...

"माझा साहेब आता वरचाच," ते हसून म्हणाले. "त्याला बतवस्सुत लागत न्हाई."

ते गेल्यावर मी पुस्तक उघडले. उशीर का झाला, ते पानापानावर दिसत होते. औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणांसाठी चिकटवतात, तसल्या कागदी पट्ट्या कापून त्यांनी प्रत्येक फाटकी कड सांधली होती. खळीत मोरचूद घातला होता, म्हणून आजवर वाळवी फिरकलेली नाही. आणि शेवटी ती आठ पाने, बाटलीवरच्या चिठ्ठीइतक्या स्वच्छ अक्षरात. त्यांच्याच श्रद्धेवरचा सर्वांत जबर घाव त्यांनी एक शब्दही मऊ न करता उतरून काढला होता.

मी साहेबांना पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. गंगाखेडला लिहिली, पुढे रझाकारांची धामधूम झाली, निजामी गेली, आणि माझे शेवटचे पाकीट 'पत्ता लागत नाही' या शेऱ्यानिशी परत आले.

अलीकडे एका विद्वानांनी पुस्तक पाहून सल्ला दिला, की हाताची पाने काढून टाका, त्यांनी मोल उणावते. त्यांना मी चार पानी उत्तर धाडले आहे. त्यातली भाषा येथे देण्याजोगी नाही.

त्या आठव्या पानाच्या तळाशी कंपाउंडरांनी आमच्या कचेरीतला शेरा लिहून खाली सही केली आहे: 'नक्कल मुळाबरहुकूम.' असे शेरे मी जन्मभर तपासले, आणि मुळाशी ताडल्यावाचून एकही मानला नाही. हा एकच मानला. ताडायला मूळ आता उरलेलेही नाही. पुस्तक काढायचे झाले की मी उठतो आणि आधी हात धुतो.