लुसियाचा एस्टोव्ह

या वयात प्रथमच लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. काल इथे परदेशात, आमच्या करामा भागातल्या एका दुकानात दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास आला आणि अनेक वर्षांपूर्वीची एक दुपार समोर उभी राहिली.

लुसिया ही आमची मेक्सिकन शेजारीण. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या नोकरीसाठी तिची मुलाखत होती आणि ती माझ्याकडे इंग्रजी उच्चारांचा सराव करी. ‘स’च्या जोडाक्षराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी तिच्या तोंडून नकळत ‘ए’ निघे: एस्कूल, एस्पेशालिस्ट.

त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तिची कॉफी उतू जाऊ लागली. ती ओरडली, “दीदी, एस्टोव्ह!”

दारातून माझी छोटी मुलगी खिदळली. “मम्मा, शी सेज इट जस्ट लाइक आजी!”

माझा हात गॅसच्या बटणावरच थांबला. माझी आई आदल्याच वर्षी सांगलीत वारली होती आणि मी वेळेवर पोहोचू शकले नव्हते. ती जन्मभर स्टोव्हला ‘इस्टो’ म्हणत आली.

“अगेन, दीदी?” उच्चार चुकला हे ओळखून लुसियाने विचारले.

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. “हो, अगेन,” मी म्हणाले. “आधी नुसता ‘स’ लांबव.”

संध्याकाळपर्यंत तिचा उच्चार स्वच्छ झाला. ती आनंदाने मला बिलगली आणि त्या स्वयंपाकघरात माझी आई दुसऱ्यांदा गप्प झाली.

लुसियाला नोकरी मिळाली, याचे मला समाधानच आहे. तरीही गॅस पेटवताना माझे कान अजून त्या एका जादा स्वराची वाट पाहतात. गेलेल्या माणसाचा आवाज तुम्हाला कधी परक्याच्या तोंडून ऐकू आला आहे का?