छंद नव्हता तो

ट्रंक कॉल आला तेव्हा मी नागपूरला होस्टेलवर होते. फोनवर बाबा ओरडून बोलत होते, तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "मधू गेला..." मी विचारलं, "बैहरला?" कारण मधुकाका मनात येईल तेव्हा स्टँडवर जाऊन बैहरच्या बसमध्ये बसायचे आणि त्याच बसने परत यायचे. बाबा म्हणाले, "नाही पोरी. गेला म्हणतो ना."

मधुकर हे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. बालाघाटला आमच्या घराच्या वरच्या खोलीत ते एकटे राहायचे. तेराव्यानंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाने त्यांची शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले, "कैलासवासी मधुकररावांना अनेक छंद होते. ते विनोदी चित्रे काढीत आणि बिगुलही वाजवीत. नोकरी-संसारात मात्र ते रमले नाहीत." माना हलल्या. दोन मिनिटं शांतता पाळली आणि चहा झाला.

मला सभेत बोलता येत नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, चारचौघांत मराठी बोलताना शब्द अडतात आणि लोक हसतात. म्हणून हे लिहिते आहे. बिगुल नव्हता तो, सॅक्सोफोन होता. आणि छंद तर मुळीच नव्हता.

काका मॅट्रिकनंतर नागपूरला चित्रकला शिकले आणि मुंबईला एका स्टुडिओत लागले. तिथे चित्रांना चालवायचं काम होतं. एका पावलासाठी बारा चित्रं काढायची, प्रत्येक आधीच्याहून केसभर वेगळं. सरकारी माहितीपटांतले बियाण्याचे कोंब, पोलिओचा डोस घेणारं बाळ, असं बरंच काही त्यांनी हलवलं. मी चौथीत असताना शाळेच्या मैदानावर पडदा लावून स्वच्छतेवरची एक फिल्म दाखवली होती. तिच्यात एक माशी नाल्यावरून उठते, पाय चोळते आणि जिलेबीवर येऊन बसते. सगळी शाळा किंचाळली. ती माशी काकांची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, कारण पडद्यावर त्यांचं नाव नव्हतंच. नाव साहेबांचं होतं, खात्याचं होतं. ती माशी इथल्या अर्ध्या गावाने पाहिली आहे. शोकसभेत माना हलवणाऱ्यांनीसुद्धा.

संध्याकाळी काका एका हॉटेलात जॅझ वाजवायचे. सोबत गोव्याचे दोघे आणि पियानोवर एक म्हातारे पारशी गृहस्थ. दिवसा चित्रं आणि रात्री सॅक्सोफोन, असं वीस वर्षं चाललं. माझ्या बाबांनी कचेरीत जेवढी मेहनत केली त्याहून ही मेहनत कमी नव्हती, हे बाबाही आता कबूल करतील. मग हॉटेलवाल्यांना माणसांपेक्षा टेप स्वस्त वाटू लागली, स्टुडिओही बंद पडला. काका परत आले. गावाने ठरवून टाकलं, मुंबईत जमलं नाही.

जॅझ म्हणजे काय, असं मी त्यांना एकदा विचारलं. उत्तर द्यायला ते मला बैहरच्या बसमध्ये घेऊन गेले. घाट लागल्यावर म्हणाले, "आता पाहा. बस पहिले वळते. माणसं मागून वळतात. आणि त्या बाईच्या टोपलीतल्या कोंबड्या सगळ्यात शेवटी." खरंच तसं होत होतं. "ताल बरोब्बर ठोक्यावर पडला तर कवायत होते. जराक मागून आला की जॅझ. आन् चित्राचंही तेच... सगळं एकदम हललं तर खेळणं वाटते, मागेपुढे हललं तर जिवंत." पुढच्या वळणावर एक आजोबा झोपेतच माझ्या खांद्यावर कलंडले. काका म्हणाले, "पाहा, हे उस्ताद!"

त्या बसचीच फिल्म ते करत होते. तीन मिनिटांची, स्वतःची, कोणत्याही खात्यासाठी नाही. आधी कागदावर पेन्सिलीने चित्र, मग त्यावर पारदर्शक शीट ठेवून शाईची रेघ आणि मागून रंग. अशा शीटा एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवायच्या. मुंबईचा एक जुना मित्र दिवाळीत कॅमेरा घेऊन येणार होता. सहा वर्षांचं काम होतं ते, आणि फक्त चित्रीकरण राहिलं होतं.

सॅक्सोफोन वाजवायला मात्र गावात सोबत नव्हती. होते ते लग्नाचे बँडवाले. काका त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागले आणि एका हंगामात त्यांचा लाल कोट घालून वरातीत वाजवत आमच्याच घरासमोरून गेले. बाबांनी खिडकी लावून घेतली. रात्री जेवताना म्हणाले, "उद्या कचेरीत लोकं मले विचारतीन, तुमचा भाऊ बँडवाला झाला काय? मी काय सांगू?"

"सांग ना दादा, नवरदेवापेक्षा माझा कोट चांगला होता म्हणून."

आई पदर तोंडाशी धरून हसली. बाबा हसले नाहीत. पुढच्या हंगामात काका गेले नाहीत, पण त्याला कारण बाबा नव्हते. बँडच्या मास्टरनीच हात जोडले होते, "मधुबाबू, बारात को नाचने दीजिए. आप तो बीच में सोचने लगते हो!" ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे, खूश होऊन. मास्टर शोकसभेला आले होते. दाराशी उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

आता जे लिहिते आहे ते आईला विचारून लिहिते आहे. सभेनंतर मी नागपूरला परतले आणि पुढच्या सुटीत घरी आले. माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या, सगळ्या पुस्तकांना नवी कव्हरं होती. स्वच्छ, काचेसारखी. भूगोलाच्या पुस्तकावर एका कोपऱ्यात शाईची एक रेघ राहिली होती. ती मी ओळखली. ती कोंबडीची मान होती.

आईने खोली आवरली होती. शीटा सोड्याच्या पाण्यात भिजवून, घासून, दोरीवर वाळवल्या होत्या. काही शेजारी दिल्या. काही खिडक्यांना लावल्या. मी ओरडले. मी कधी ओरडत नाही, त्यामुळे आई आधी घाबरली आणि मग चिडली.

"मले काय मालूम? इतकं चांगलं प्लास्टिक, वाया काहून जाऊ द्याचं?"

"आई, ते काम होतं त्यांचं!"

"काम? तुमचे ते अध्यक्ष माइकवर सांगून राह्यले होते, छंद होता म्हणून. तुह्या बाबानं मान हलवली. कोणी म्हटलं का तवा, काम होतं म्हणून? मंग मी एकटी कशी समजू?"

माझा राग तसाच होता, फक्त तो आईवरून उठला. सहा वर्षांचं काम आईच्या हातांनी पुसलं, पण त्याआधी ते त्या एका शब्दाने पुसलं होतं, आणि तो शब्द शिकल्यासवरल्या माणसांनी, हार घातलेल्या फोटोसमोर, आदराने उच्चारला होता. ज्या कामाला कचेरी नाही, साहेब नाही, बदली नाही, ते आमच्या लेखी छंद. माणूस मरेपर्यंत तेच करत राहिला तरी छंदच.

पेन्सिलीचे कागद मात्र पेटीत तसेच होते. रद्दीवाला आला नव्हता, एवढंच. मी काढले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काकांच्या हातचा क्रमांक होता. मी वळणाचा गठ्ठा घेतला आणि काका धरायचे तसा, बोटांत कागद अडकवून, भराभर सोडला. आई दारात उभी होती. बस वळली. माणसं वळली. टोपलीतल्या कोंबड्या वळल्या.

"अवो माय," आई म्हणाली, "हे तं हालून राह्यलं!"

इतकी वर्षं ती त्या खोलीत दोन वेळा ताट पोचवत होती. तिला हे कोणी एकदाही दाखवलं नव्हतं.

तिने पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. मग खाली बसली... "मंग छंद काहून म्हने तो?"

तिचा प्रश्न मी इथे जसाच्या तसा ठेवते. उत्तर मंडळाच्या अध्यक्षांनी द्यायचं आहे.

वरच्या खोलीत काकांचं काचेचं टेबल आहे, खालून दिवा लावायचं. दिवा अजून लागतो. त्याच्यावर मी पहिला कागद ठेवला आहे, रेघा पुन्हा ओढायला. शीटा कमी पडणार आहेत. खाली आई संजूच्या पुस्तकांची कव्हरं काढते आहे, फाटू नयेत म्हणून हळूहळू.