चिंचेनं घासलेला रुपया

लग्न होऊन राजूरला आले तेव्हा पंचक्रोशीत आपल्याइतकी हुशार बाई नाही, अशी माझी पक्की खात्री होती. सातवी पास होते ना! नवरा ट्रकवर. पंधरा-वीस दिवसांनी उगवायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा, की निघाला. मागे आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. गणपतीच्या वाटेवर आमचं नारळ-दुर्वांचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बांबू आणि वर गोणपाट. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या दिवसाला जेमतेम पाच वाक्यं बोलायच्या, त्यातली तीन नारळाबद्दल.

बोलायला मी इतकी आसुसलेली असायची की गिऱ्हाइकाला सुटे पैसे मुद्दाम सावकाश द्यायची. तेवढाच माणूस जास्त वेळ समोर उभा राहतो.

भोकरदनला घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. दर चतुर्थीला दर्शनाला यायचे. एकदा मी दिलेली नाणी खिशात न टाकता त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. माझं डोकंच फिरलं.

“काका, खोटी न्हाईत ती! देवाच्या दारात बसलोय आम्ही.”

“खोटी न्हाई हो ताई. एखादं येगळं हाय का, बघून राह्यलो.”

आणि भिंग माझ्याच हातात देऊन समजावलं. सालाखाली चांदणी असली तर नाणं हैदराबादच्या टाकसाळीतलं, शंकरपाळ्यासारखा चौकोन असला तर मुंबईचं. कधी टाकसाळीतला ठसाच घडवताना जरा सरकतो, मग त्या ठशाच्या नाण्यांवर सालाचे आकडे दुहेरी उमटतात. “असं नाणं हजार हातांतून जातं,” काका म्हणाले, “पण कुणी बघतच न्हाई त्याच्याकडं.”

हे माझ्याबद्दलच बोलले, असं मला वाटलं. तेव्हा मला सगळं माझ्याबद्दलच वाटायचं.

त्या दिवसापासून दुर्वांच्या जुड्या राहिल्या बाजूला. माझ्याकडे भिंग नव्हतं, म्हणून काचेच्या बाटलीत पाणी भरून तिच्याआडून मी एकेक नाणं बघायची.

“काय करून राह्यली गं?” आत्याबाईंनी एकदा विचारलं. “आकडा लावती का काय मटक्याचा?”

आणि एक दिवस सापडला. कुंकू आणि तेलानं काळा पडलेला रुपया, सालाचे शेवटचे दोन आकडे स्पष्ट दुहेरी. चतुर्थीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी काकांशी मनातल्या मनात इतकं बोलले, की ते खरोखर येतील तेव्हा त्यांना बोलायला काही उरणारच नव्हतं. ते बसतील, मी चहा ठेवीन, ते म्हणतील, “ताई, नजर हाय तुमची!”

चतुर्थीच्या सकाळी वाटलं, एवढं मळकं नाणं माणसापुढं ठेवायचं कसं? घेतली चिंच, घेतली राख, घेतला नारळाचा काथ्या. समई घासावी तसा घासला. लखलखीत झाल्यावर जरीच्या खणात गुंडाळला. स्वतःच्या तोंडालाही पावडर लावली. रुपयाला एक न्याय आणि मला दुसरा कशाला?

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही.

“ताई, घासला का?”

“मंग! चिंच लावून!”

“आकडे दुहेरी होते बरं का. आता रेघोट्यांत गेले.” माझं तोंड बघून ते घाईनं म्हणाले, “सापडंल पुन्हा.” चहा अर्धाच घेतला.

पुढच्या चतुर्थीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मुलीकडे कायमचे राहायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. पण माणसानं गाव सोडावं एवढा जोर माझ्या चिंचेत आहे, असा माझा समज वर्षभर टिकला. बाटली मी कोनाड्यात ठेवून दिली.

मग एका संध्याकाळी दुकान आवरताना आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. आत पाच-सहा नाणी, काळी, चिकट.

“हे घे. घासू नको. मळकेच लागतेत ना तुला?”

डोळे अधू झाले होते त्यांचे. अंगठ्यानं चाचपून, चिकट लागेल ते त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मी बाटली काढली. एकही वेगळं नव्हतं.

“हाय का?”

“बघते, आत्याबाई.”

मरेपर्यंत दर चतुर्थीला त्या गाठ सोडत राहिल्या आणि ‘हाय का?’ विचारत राहिल्या. मळाचा काही संबंध नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आता मी जालन्याला मुलाकडे असते. दिवसभर घर रिकामं. चांगलं भिंग आहे, आणि डबाभर मळकी नाणी, बघून बघून पाठ झालेली. त्यांत एकच रुपया चकचकीत. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी सून नाणी धुवायला डबा घेऊन निघाली, तर मी अशी ओरडले की बिचारीच्या हातून तो पडणारच होता.

“आई, किमती आहे का त्यात काही?”

“बघून राह्यले,” मी म्हटलं.