अंगणापर्यंत पोचणारा आवाज

परवा दुपार कलताना सीताबर्डीवर उभा होतो. हातगाडीवर संत्र्यांची रास, खाली अंथरलेलं तणस, आणि उन्हानं तापलेल्या त्या तणसाला लागलेला सालींचा कडसर-गोड वास. ऑटोंचा गलका जरा ओसरला तशी पलीकडच्या मशिदीतून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजची तकबीर ऐकू आली. स्वच्छ, खणखणीत, लाउडस्पीकरमधून आलेली. वास नाकात आणि ‘अल्लाहु अकबर’ कानात, दोन्ही एकदमच आले आणि माझे अब्बा डोळ्यांपुढे उभे राहिले. गाडीवाला भाव सांगत राहिला, मी भलतंच काही ऐकत राहिलो.

अब्बा संत्र्यांचे व्यापारी. नरखेडकडच्या बागांचा सौदा बहरातच ठरवून घ्यायचे आणि माल नागपुरात आणून लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू. बाजाराच्या एका टोकाला त्यांनी बोली पुकारली की दुसऱ्या टोकाचा हमाल मान वर करी. घरी आईला हळू काही सांगायचं म्हटलं तरी शेजारीण ‘हो का’ म्हणायची. एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे ते दिवस. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत नमाजसाठी लाउडस्पीकर आला नव्हता. इमामसाहेबांचा आवाज विलक्षण गोड, पण सुताएवढा बारीक. आतल्या रांगांना तो जेमतेम ऐकू जाई, बाहेर अंगणात उभे असलेल्यांना मुळीच नाही. अशा वेळी पहिल्या रांगेतला एकजण इमामाची तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, मोठ्यानं पुन्हा म्हणतो आणि त्या आवाजावर मागचे वाकतात, उठतात, बसतात. त्याला मुकब्बिर म्हणतात. आमच्याकडे हे काम अब्बांकडे आपसूकच आलं, आणि त्यांना त्याचा मनापासून अभिमान होता.

या कामाची गंमत अशी की आवाज तुमचा, पण पुढारपण तुमचं नाही. इमाम वाकल्याशिवाय तुम्ही वाकायचं नाही, तो उठल्याशिवाय उठायचं नाही. अख्खं अंगण तुमच्या शब्दावर हलतं, आणि तुम्ही मात्र समोरच्या एका पाठीवर नजर ठेवून थांबलेले. थांबणं अब्बांच्या स्वभावातच नव्हतं. लिलावात समोरच्याच्या ओठांवर आकडा येण्याआधी तो ओळखायचा, हा त्यांचा धंदा. व्हायचं तेच झालं. एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, इमामसाहेब कुराणातली आयत संपवून क्षणभर श्वास घ्यायला थांबले आणि अब्बांची तकबीर सुटली. अंगणातले सगळे रुकूत वाकले. इमामसाहेब अजून ताठ उभे. नमाज कशीबशी पार पडली. दुआ झाल्यावर इमामसाहेब वळले आणि सगळ्यांच्या देखत, पण शांतपणे म्हणाले, “भाऊ, आज तुमी माह्या समोर निंगून गेले. हा लिलाव नोहोय.”

इमामसाहेबही अब्बांसारखेच नरखेडकडचे. कुराण अरबीत, प्रवचन उर्दूत, पण एखाद्याचे कान धरायचे तर वऱ्हाडीत. कुणीतरी हसलं. ते हसणं अब्बांना बोचलं. चूक आपली आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण चारचौघांत लिलाव काढला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी इमामसाहेबांशी बोलणं टाकलं. सलामाला जवाब देत, कारण तो द्यावाच लागतो, पण त्यापुढे एक शब्द नाही. तरी नमाजला जाऊन पहिल्या रांगेत, बरोबर त्यांच्याच पाठीशी उभे राहत आणि तकबीर देत. आई म्हणायची, “बोलत नाही तं त्यायच्याच मांगं काहून उभे राह्यता?” अब्बा म्हणत, “राग मानसावर हाये. नमाजवर नाही.” मला हे तेव्हा अजब वाटे. आज वाटतं, माणसानं रागावावं तर असं, जागा न सोडता रागावावं.

पण मोहल्ल्यात गोष्टी पाय फुटून फिरतात. मशिदीच्या कारभाऱ्यांपैकी काहींना नवा, तरणा, दणदणीत आवाजाचा इमाम आणायचाच होता. इमामसाहेब त्या हिवाळ्यात आजारी पडून उठले होते, आवाज आणखी खाली गेला होता. राहायला त्यांना मशिदीचीच खोली. इमामत गेली की खोली गेली, आणि त्या वयात जायचं कुठं? अब्बांचा शब्द मोहल्ल्यात वजनदार. ते रुसलेत हे कळल्यावर कारभारी आमच्या ओसरीवर येऊन बसले. तुम्ही हो म्हणा, बाकी आम्ही पाहतो, असा सगळा सूर. अब्बांनी चहा पाजला आणि “पाहू” एवढंच म्हणाले. ‘पाहू’ म्हणजे नाही नव्हे. आई त्या रात्री त्यांच्याशी नीट बोलली नाही. मलाही भीती वाटली, कारण अब्बांचा राग मला माहीत होता.

त्याच आठवड्यातली असर. मी कॉलेजातून परस्पर आलो होतो आणि अब्बांच्या शेजारीच जागा मिळाली होती. असरच्या रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून कपाळ टेकण्यापर्यंतचे फेरे, चार. चौथीनंतर शेवटची बैठक, मग दोन्ही बाजूंना मान वळवून सलाम, की नमाज संपली. इमामसाहेब चौथीनंतर बसले आणि थोड्या वेळानं, ही दुसरीनंतरचीच बैठक आहे अशा समजुतीनं, बारीक आवाजात तकबीर म्हणून उभे राहिले. पाचवी रकात नमाजात नाही. आतल्या पहिल्या रांगेला चूक तात्काळ कळली. अंगणाला काहीच कळलं नाही, ते अब्बांच्या आवाजाची वाट पाहत बसलेले.

तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. अब्बांनी नुसती आपली रोजची हाक दिली असती तर अख्खं अंगण चुकीच्या रकातीला उभं राहिलं असतं आणि इमामसाहेबांचा कारभार त्याच दिवशी आटोपला असता. इमाम चुकला तर मागच्यानं ‘सुब्हानल्लाह’ म्हणून त्याला सावध करायचं, हा रिवाज. तेही अब्बांनी त्यांच्या बाजारी आवाजात म्हटलं असतं, तरी नियमाला धरूनच झालं असतं. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असतं, एवढंच. अब्बा बसून राहिले. आणि मग, ज्या माणसाला जन्मात हळू बोलता आलं नव्हतं तो इतक्या हळू ‘सुब्हानल्लाह’ म्हणाला की ते फक्त समोरच्या पाठीला आणि शेजारी बसलेल्या मला ऐकू गेलं. इमामसाहेब खाली बसले. विसर पडल्याबद्दल कपाळ टेकून करायचे दोन जादा सजदे त्यांनी केले आणि त्यांच्या तकबिरी मात्र अब्बांनी पूर्ण गळा मोकळा सोडून अंगणापर्यंत पोचवल्या. काहीतरी विसरलं होतं एवढं अंगणाला कळलं. काय, ते कळलं नाही.

चपला घालताना पहिल्या रांगेतल्या एका कारभाऱ्यानं अब्बांना गाठलंच. “भाऊ, आता तं पाह्यलं नं? पाचवीले उठले होते.”

“मंग?” अब्बा म्हणाले. “मी मांगं काहून उभा राहतो गा? पुढचा चुकला तं सांगालेच नं? मी जितका टाइम मांगं हावो, तितका टाइम पुढं तेच राह्यतीन.” विषय तिथंच मिटला. आमच्या मोहल्ल्यात अब्बांच्या ‘पाहू’ला अर्थ अनेक असत, ‘नाही’ला एकच असे.

इमामसाहेब दाराशी थांबले होते. म्हणाले, “तुमी बोलत नोहोते, तं नाराज मानसाच्या समोर उभं राहाचं मले भेव वाटे. रोज वाटे, आज मांगून तुमी निंगून जासान.”

“मी तं रोज तुमच्याच मांगं उभा होतो,” अब्बा म्हणाले. “आनखी काय बोलाव लागते?”

पुढे काही वर्षांनी लाउडस्पीकर आला. अब्बांनी स्वतःच वर्गणी दिली, वर कुरकुरही केली. मग त्यांचा गळा गेला. डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं आणि त्याच दुखण्यात ते अंथरुणाला खिळले. इमामसाहेब तेव्हा पार वाकले होते, तरी मशिदीतली असर दुसऱ्याकडे सोपवून, काठी टेकत ती पढायला आमच्या घरी यायचे. खाटेच्या पुढे चटई टाकायचे, अब्बा पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्यानं त्यांच्या मागे नमाज पढायचे आणि मी त्यांच्या खाटेलगत उभा. इतक्या लहान खोलीत तो बारीक आवाज पुरून उरे. तरी प्रत्येक तकबिरीनंतर इमामसाहेब थोडे थांबत. पहिल्या दिवशी मला वाटलं, थकले असतील. मग माझं लक्ष अब्बांच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते. त्यांची हाक अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ इमामसाहेब त्यांच्यासाठी थांबत होते.

आता दोघंही नाहीत. नोकरीतून मोकळा झाल्यापासून कधीमधी घरी मीच पुढे उभा राहतो, मागे बायको आणि नातवंडं. तकबीर म्हणतो आणि थांबतो. थोरली नात एकदा म्हणाली, “आजोबा, तुमी मधी मधी थांबून काहून राह्यले?” मी तिला सांगितलं, मागं अंगण मोठं आहे, सगळे वाकू देत.