खालाच्या टाकीची भेग

दिघीच्या खाडीत मी दोन वर्षं सिमेंटचे ठोकळे बुडवून ठेवले होते. माझ्या संशोधनाचा विषय होता, स्वतःची भेग स्वतःच बुजवणारं काँक्रीट. सिमेंट कालवतानाच त्यात एका जातीचे जिवाणू आणि त्यांचं खाद्य मिसळायचं. काँक्रीट धड असेपर्यंत ते झोपून राहतात. भेग पडून आत पाणी शिरलं की जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग भरून येते. प्रयोगशाळेत हे चांगलं जमत होतं. समुद्राच्या पाण्यात कितपत जमतं ते पाहायला मी दर पंधरवड्याला मुंबईहून यायची, आगरदांड्याला फेरीबोट धरायची आणि पलीकडे उतरून एका जुन्या धक्क्यापर्यंत चालत जायची. ठोकळे तिथे दोरांना बांधलेले होते.

ओहोटी कधी पहाटे, कधी भर दुपारी. मधला वेळ काढायला मी धक्क्याच्या वरच्या घराच्या ओट्यावर बसायची. घरात साठीच्या एक बाई एकट्याच राहायच्या. नवरा जहाजावर होता, तो वारला होता. मुलगा आणि सून कुवेतला. सगळी वाडी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी मला ओट्यावरून आत बोलावलं आणि पाचव्या खेपेपासून माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या होऊ लागल्या. खाला भाकरी हातावरच थापायच्या, पोळपाट कधी घेतला नाही.

एकदा त्या माझ्याबरोबर धक्क्यावर उतरल्या. मी दोन ठोकळे वर ओढले, एक जिवाणूंचा आणि एक साधा, तुलनेसाठी ठेवलेला. त्यांनी माझं भिंग घेऊन दोन्ही नीट पाहिले.

“ह्यात तुजी दवा नाय म्हणतेस,” साध्या ठोकळ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “मंग ह्याची भेग कशी बुजली?”

“बारीक भेग समुद्राच्या पाण्यात आपली आपण थोडी बुजते, खाला. पाण्यातले क्षार बसतात तिच्यात.”

“मंग तुज्यात दवेचं किती नि दर्याचं किती?”

मी हसले. खरं तर माझ्या सगळ्या प्रबंधाचा प्रश्न तोच होता आणि त्याला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नव्हतं. पण बाईमाणसाला हे सांगत बसायची गरज नाही, असं मला वाटलं. मीही बाईमाणूसच होते, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, त्यांच्या परसातली पाण्याची टाकी गळू लागली. कमरेएवढी सिमेंटची टाकी, एका कोपऱ्यातून खालपर्यंत तडा गेलेला. त्या वाडीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. मधले दोन दिवस टाकीवरच निघायचे. मी गेले त्या दिवशी खालांनी गवंड्याला बोलावलं होतं. त्याने टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पायाने कोपऱ्याची माती दाबून पाहिली.

“कोपरा खचलाय. वरनं गिलावा मारून उपेग न्हाय,” तो म्हणाला. “टाकी रिकामी करून खालनं भरावं लागंल. चार दिवसांचं काम हाय.”

“चार दिस पानी खंय ठेवू?” खाला म्हणाल्या.

आणि मी मध्ये पडले. म्हटलं, “चार दिवस कशाला? माझ्याकडे मसाला आहे. भेग भरते, पुढचं काम जिवाणू करतील.”

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. “म्याडम, जागा हलतीया. भरलेलं पुन्हा उघडंल.”

“म्हणून तर हे आहे,” मी म्हटलं. “उघडलं तरी पुन्हा बुजतं.”

खालांनी एकदा गवंड्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. पोर शिकलेली हाय.”

तो थैली उचलून गेला. केसाएवढ्या भेगेसाठी केलेलं औषध मी खचणाऱ्या कोपऱ्याला लावायला निघाले होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ठोकळे सोडून खऱ्या घरात, खऱ्या टाकीवर ते लावून बघायचा मोह झाला होता. पुढच्या खेपेला मी मसाला आणला, भेग खरवडून भरली. त्यानंतरच्या खेपेला तिथे पांढरी, सलग रेघ आली होती. टाकी ठणठणीत. मी फोटो काढले. खालाही खूश होत्या, शेजारणीला बोलावून दाखवत होत्या.

मग लिखाण सुरू झालं आणि माझ्या खेपा थांबल्या. प्रबंधात तो फोटो अख्ख्या पानावर गेला. तोंडी परीक्षेत परीक्षक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबले. एकाने विचारलं, “ही टाकी अजून वापरात आहे?” मी हो म्हटलं. आदल्याच आठवड्यात मी फोन करून विचारलं होतं. खाला म्हणाल्या होत्या, “बरी हाय टाकी. तू तुजी परीक्षा दे.”

पदवी मिळाल्यावर मी मिठाई घेऊन गेले. पावसाळा उलटला होता. दार खालांनीच उघडलं, डाव्या हाताने. उजवं मनगट वाकडं दिसत होतं. परसात टाकीच्या कोपऱ्याला नवं काँक्रीट होतं, माझ्या पांढऱ्या रेघेचा मागमूस नव्हता.

सगळं मला शेजारणीने सांगितलं. रमजान लागला तशी टाकी पुन्हा गळू लागली, आधीपेक्षा जास्त. रात्रीत निम्मी रिकामी व्हायची. गवंड्याला पुन्हा बोलवायचा विषय निघाला की खाला म्हणायच्या, तिची परीक्षा होऊ दे, तिने केलेलं काम फोडलं तर तिला काय वाटेल. जवळजवळ महिनाभर त्या रोजा ठेवून उताराच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणत राहिल्या. ईदच्या चार दिवस आधी जांभ्याच्या पायरीवरून घसरल्या. हाड जुळलं, पण वाकडं. मग गवंडी आला आणि त्याने खालून भराव घातला.

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. भाकऱ्या शेजारणीकडून आल्या होत्या. खाला उजव्या हातात चमचा अवघडून धरून भात खात होत्या.

“तुम्ही फोनवर सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“सांगून काय झालं असतं? तू ती कागदं फाडली असतीस?”

मी नाही फाडली असती. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

परत आल्यावर मी माझ्या सरांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, “फोटो काढला त्या दिवशी भेग बुजलेली होती ना? मग ते खोटं नाही. पुढचं निरीक्षण तुझ्याकडे नोंदलेलं नाही.” बरोबर होतं. पुढे शोधनिबंध छापला तेव्हा मी तो फोटो गाळला. का गाळला, ते कुठेच लिहिलं नाही. टाकी गळली हे आजही कुठल्या कागदावर नाही. माझ्यानंतर हाच प्रयोग करणाऱ्या कुणाला ते कामाला आलं असतं.

खाला मागच्या वर्षी मुलाकडे कुवेतला गेल्या. कधीमधी व्हिडिओ कॉल करतात, नातवंडं दाखवतात. दोन महिन्यांपूर्वी असंच बोलताना, काही ठरवलेलं नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं, “खाला, त्या दिवशी मी गवंड्याला थांबवायला नको होतं.”

इतकी वर्षं मला खात्री होती की त्या म्हणतील, जाऊ दे, तुजी काय चूक. मागे टीव्ही चालू होता.

“व्हय, बाय,” त्या म्हणाल्या. “नको होतं थांबवायला.”